बान नाखामचं पाणी

तोंगयोंग,
६ मार्च

व्याहीबुवा प्यो गी-जुंग यांस,

पत्र बघून दचकू नका. फोनच करणार होते, पण फोनवर व्याह्यांशी गोड बोलावं लागतं आणि आज ते मला जमणार नाही.

सकाळी पेपरात तुमचा फोटो पाहिला. कोट छान आहे. फोटोखाली लिहिलं होतं की परदेशी मदतीचा खर्च तपासणाऱ्या समितीने तुमच्या सूचनेवरून सात कामं ‘अनुत्पादक’ ठरवून बंद केली. त्यांत लाओसमधल्या बान नाखामच्या रुग्णालयाची पाण्याची लाइनही आहे. त्या रुग्णालयात माझी मुलगी दान-बी बाळंतपणं करते आणि ती लाइन तुमचा मुलगा जुन-मो टाकतो. सून आणि मुलगा कुठे राहतात हे तुमच्या ध्यानात नसावं, असं धरून कळवते आहे.

डोंगरातल्या झऱ्यापासून निघालेली लाइन दोन तृतीयांश वाटेपर्यंत आली आहे. उरलेली पावसाळ्याआधी पुरी व्हायची होती. पाणी अर्ध्या वाटेत असताना त्याला अनुत्पादक म्हणायला फार शिकलेला माणूस लागतो. भात अर्धा शिजला असताना चूल विझवायची आणि मग म्हणायचं, तांदूळच वाईट.

आणि वाचवलंत किती? हा देश कमावतो त्यात हजार वॉनमागे दीड वॉनसुद्धा आपण बाहेर देत नाही. दीड वॉन रस्त्यात पडला तर तुम्ही वाकणारही नाही. पण समितीत बसलात की कंबर कशी छान लवते.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई लहानपणी परदेशी मदतीतून मिळालेल्या दुधाच्या पावडरीच्या ऋणाची आठवण काढणार. मुळीच नाही. त्या पावडरीने माझं पोट बिघडायचं. मी सांगते ते वेगळं आहे. मी नवी डॉक्टर होते तेव्हा इथल्या बेटांवर जंत नसलेलं मूल दाखवायला सापडत नसे. बाहेरच्या देशातून सूक्ष्मदर्शक आले, औषधं आली, आणि त्यांच्याबरोबर एक डॉक्टर आला तो राहिला. वर्षानुवर्षं राहिला. आमची खारवलेली मासळी खाऊन त्याचा रक्तदाब वाढला, तरी राहिला. जंत गेले ते त्यामुळे. पहिल्या वर्षी कुणी कोट घालून आलं असतं आणि ‘जंत अजून आहेत, सबब काम अनुत्पादक’ असं लिहून गेलं असतं, तर आज तुमच्या समितीतल्या निम्म्या लोकांच्या पोटात ते सुखाने नांदत असते.

सोबत सुकी मासळी पाठवते आहे. ती तुमच्या गुणांसाठी नाही, नात्यासाठी आहे.

ताक ओक-ह्वा


सोल,
१७ मार्च

विहीणबाई डॉ. ताक ओक-ह्वा यांस,

पत्र मिळालं, मासळीही मिळाली. शिव्यांबरोबर मासळी पाठवण्याची रीत तोंगयोंगची असावी. दोन्ही खारट होत्या.

मी तीस वर्षं अर्थखात्यात अंदाजपत्रकं केली. या काळात माझ्यासमोर रडून पैसे मागणारे जितके लोक आले, तितके तुमच्या दवाखान्यातही आले नसतील. प्रत्येकाचं काम पवित्र असतं. प्रत्येकाची लाइन दोन तृतीयांश आलेली असते.

तुमच्या बान नाखामबद्दल. आमच्याकडे आलेल्या फोटोंत पाणी कुठेच नव्हतं. होता तो ग्रॅनाइटचा फलक. दोन पुरुष उंच, आपल्या देशाचा झेंडा कोरलेला, आणि त्यापुढे फीत कापणारे आपले चार साहेब. नळाला पाणी येण्याआधी उद्घाटन करणारा देश जगात आपलाच असेल. अशा कामाला मी अनुत्पादक म्हटलं ते फार सभ्यपणे म्हटलं.

दुसरं. माझ्या इमारतीसमोर सत्तरी ओलांडलेली एक बाई हातगाडीवर पुठ्ठे गोळा करते. हिवाळ्यातही. आपल्या म्हाताऱ्यांना पुठ्ठे वेचायला लावायचे आणि लाओसला नळ द्यायचे, हे औदार्य मला कळत नाही. तुम्ही डॉक्टर आहात. आधी घरचा रोगी बघतात, असं मला वाटत होतं.

मुलांची काळजी करू नका. काम बंद झालं की करार संपतो. जुन-मो एप्रिलअखेर येईल. त्याची खोली रंगवून घेतली आहे, खिडकीला नवी जाळीही बसवली आहे. दान-बीलाही सोलमध्ये चांगल्या रुग्णालयात जागा मिळेल. तुम्हालाही मुलगी जवळ आलेली वाईट वाटू नये.

प्यो गी-जुंग


तोंगयोंग,
२६ मार्च

व्याहीबुवांस,

तुमच्या पत्रातलं बाकीचं एकदा वाचलं, खोलीचं दोनदा वाचलं. एवढंच सांगा, रंगारी बोलावलात तेव्हा समितीचं मतदान झालं होतं, की व्हायचं होतं?

माझा समज होता की तुम्ही चिक्कू आहात. चिक्कू माणसाचं मला कळतं, तो निदान सगळ्यांशी सारखा वागतो. तुमचं निघालं वेगळंच. मुलगा परदेशी रमला, बोलावून येत नाही, म्हणून बापाने सरकारी शिक्का उचलला आणि त्याच्या पायाखालची जमीन काढून घेतली. सातांतली बाकीची सहा कामं सोबतीला घेतलीत, का? एकच बंद केलं असतं तर दिसून आलं असतं, म्हणून?

आता फलकाचं. तो मूर्खपणाच आहे, माझं दुमत नाही. पण तो फलक लागतो कुणासाठी? बान नाखामच्या बाळंतिणी दारात उभ्या राहून झेंडा वाचत बसत नाहीत. तो लागतो तुमच्यासारख्यांना. तुम्ही दरवर्षी फोटो मागता, आणि पाण्याच्या पाइपचा फोटो चांगला येत नाही, तो जमिनीखाली असतो. दर मार्चमध्ये आपला गळा कापला जाणार हे ज्याला माहीत आहे, तो विहीर खणत नाही, फलकच लावतो.

आणि ती पुठ्ठेवाली. तिचं नाव काय? समितीने सात कामं बंद केली तेव्हा त्यांतला किती वाटा तिच्या हातगाडीत पडला, हे तिला जाऊन विचारा. लाओसचं नाव निघालं की सोलच्या साहेबांना पुठ्ठेवाल्या दिसायला लागतात. एरवी ते त्यांच्या गाडीला हॉर्न देतात.

ताक ओक-ह्वा


सोल,
२० मे

विहीणबाईंस,

उत्तराला उशीर झाला. खोलीचा रंग समितीच्या विषयपत्रिकेवर नव्हता, म्हणून त्यावर लिहीत नाही.

तिचं नाव बे सुन-नाम. तुम्ही डिवचलंत म्हणून खाली जाऊन विचारलं. तिला काहीही मिळालेलं नाही. तिने मला उलट विचारलं की मी मतं मागायला आलो आहे का. बंद केलेल्या कामांचा पैसा कुठे वळवला हे मी जुन्या सहकाऱ्याकडून काढलं. तुम्हाला आनंद होईल म्हणून सांगतो, तो शहरांच्या सुशोभीकरणाला गेला. आमच्या दारासमोरची चांगली धड फरशी उखडून तशीच दुसरी बसवताहेत. सुन-नामबाईंची गाडी त्या खडीत रुतते.

जुन-मो आला नाही. बिनपगारी राहतो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझं बोलणं तोडून फोन ठेवला. हे त्याला तुमच्या मुलीने शिकवलं असणार, आमच्या घरात ही पद्धत नव्हती.

प्यो गी-जुंग


तोंगयोंग,
२९ जुलै

व्याहीबुवांस,

आज टोमणे मारायला लिहीत नाही. कळवायला लिहिते आहे, कारण जुन-मो तुम्हाला कळवणार नाही.

बान नाखामच्या रुग्णालयात खाम्फेंग नावाची सुईण होती. दान-बीने तिला हाताखाली घेऊन तयार केलं होतं. दान-बी म्हणायची, माझ्यापेक्षा तिचे हात शहाणे आहेत. या महिन्यात खाम्फेंगचंच बाळंतपण होतं. त्या दिवशी पाऊस लागलेला, तीन बायका एकाच वेळी अडलेल्या, आणि पाणी नदीचं. उकळून, गाळून वापरतात, पण तीन बाळंतपणं एकदम आली की उकळायला वेळ कुठून आणायचा? मुलगी झाली. चौथ्या दिवशी खाम्फेंगला ताप चढला. रस्ता पाण्याखाली होता, मोठ्या रुग्णालयात नेता आलं नाही. ती गेली. मुलगी बरी आहे, आजी सांभाळते.

तुम्ही लिहाल की बायका सोलमध्येही बाळंतपणात मरतात. मरतात. कोणत्या पाण्याने कुणाचा जीव गेला हे कुणीही छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही, मीसुद्धा नाही. पण अशा तापाचं कारण काय असतं, हे दीडशे वर्षांपासून जगाला माहीत आहे. स्वच्छ हात हवेत. हाताला पाणी हवं.

मीही दान-बीला एप्रिलमध्ये म्हटलं होतं, ये आता घरी. ती म्हणाली, आई, मग इथे हात कोण धुणार? मला राग आला होता. या बाबतीत मी तुमच्याहून फार चांगली आहे असं नाही. माझ्या हातात शिक्का नव्हता, एवढंच.

ताक ओक-ह्वा


बान नाखाम,
२२ ऑगस्ट

विहीणबाईंस,

पत्त्यावरून कळलंच असेल. मी मुलाला न्यायला आलो. दुसरं कारण असल्याचा आव आणत नाही.

जुन-मो बसथांब्यावर आला होता. वाळला आहे. मी म्हटलं, “चल घरी.”

तो म्हणाला, “बाबा, आधी आंघोळ करून घ्या.”

बादलीत पाणी चहासारखं होतं. मी म्हटलं, “याने?”

“दान-बी यानेच हात धुते. तुम्हाला तर फक्त पाठ धुवायची आहे.”

त्यानंतर आम्ही दोन दिवस बोललो नाही. मग तो मला लाइन बघायला घेऊन गेला. तीस वर्षं मी आकड्यांत पाइप पाहिले, आता चिखलात पाहिले. काम बंद पडलं तेव्हा खणलेला चर तसाच राहिला. पावसाने तो बुजला आणि मधला मोठा तुकडा वाहून गेला. रस्त्याकडेला रचून ठेवलेले पाइप लोकांनी नेले. एकाने डुकरांना पाणी पाजायला उभा चिरला आहे, एकाने कुंपणाला लावला आहे. मी जुन-मोला त्यांतल्या एकाला विचारायला लावलं, सरकारी पाइप का घेतलास? तो म्हणाला, “तुमचं कुणी येईनासं झालं म्हणून.” म्हणजे पाइप पडून होते म्हणून माझ्या समितीला काम वाया गेलेलं दिसलं असतं, आणि ते पडून होते कारण समितीने काम थांबवलं. आम्ही कापलं म्हणून वाया गेलं, आणि पुढच्या वर्षी वाया गेलं म्हणून आणखी कापलं असतं. माझ्या खात्यात याला शिस्त म्हणायचे.

फलक मात्र शाबूत आहे. त्याच्या सावलीत एक म्हैस बसते. त्याच्याजवळ उभा राहून हिशेब केला, सवयीने. आपण देतो तेवढ्यात एक पाहणी, एक उद्घाटन, एक फलक आणि अर्धं काम बसतं. उरलेलं अर्धं करायला लागतो तो पैसा आपण कधी देतच नाही. मी इतकी वर्षं म्हणत आलो की परदेशी मदत वाया जाते कारण ती जास्त आहे. ती वाया जाते कारण ती फलकापर्यंतच पोचते. तुम्हाला हे वाचून समाधान वाटेल. वाटू द्या, मी ते अडवू शकत नाही.

काल सोमचितने जेवायला बोलावलं. हा खाम्फेंगचा नवरा, नदीत मासे धरतो. मी नको म्हणत होतो, जुन-मोने नेलं. चिकट भात, भाजलेला मासा, आणि झोळीत ती मुलगी झोपलेली. सोमचितने माशाचा पोटाकडचा भाग माझ्या पुढ्यात ठेवला. जुन-मो त्याचं बोलणं मला सांगत होता. तो म्हणाला, “तुमच्या देशाने माझ्या बायकोला विद्या दिली. तिच्या हातून गावात पुष्कळ मुलं जन्मली. तुमचे आभार मानायचे राहिले होते.”

मी कोण, हे मी त्याला सांगितलं नाही. जुन-मोकडे पाहिलं, तर तो भाताचा गोळा वळत होता. माझ्या गळ्याखाली घास उतरेना. सोमचितला वाटलं काटा लागला, त्याने पाणी उकळून आणलं.

परवा निघतो. एकटाच.

प्यो गी-जुंग


तोंगयोंग,
५ सप्टेंबर

व्याहीबुवांस,

समाधान वगैरे काही वाटलं नाही. तुम्हाला एवढं कळायला विमान लागलं आणि एक बाई जावी लागली. बाकीच्यांना काय काय लागेल या विचाराने झोप येत नाही.

आता घरी बसून हळहळू नका. तुमच्या पिढीतले पुरुष एकदा हळहळले की त्यांना वाटतं काम झालं. देवळात जाऊन दिवा लावू नका, सोमचितला पैसेही पाठवू नका. ते तुमच्या मनाच्या शांतीसाठी होईल, आणि तुमच्या मनाला शांती मिळावी अशी माझी सध्या इच्छा नाही. ऑक्टोबरात समिती बसते आहे. जिथे कापलंत तिथे जा. आणि कापलेलं परत द्या एवढंच मागून येऊ नका. वाढवून मागा, आणि काम पुरं होईपर्यंतचं मागा. अर्ध्या वाटेवरचं पाणी मागायला माणसं पुष्कळ आहेत.

बे सुन-नामबाईंना सोबतचा मासळीचा डबा द्या. तुम्हाला या खेपेला नाही.

ताक ओक-ह्वा


सोल,
२४ ऑक्टोबर

विहीणबाईंस,

डबा पोचवला. बाईंनी झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, “ही मतं मागणाऱ्याची मासळी नव्हे.” मला बसायला खोकं दिलं.

समितीचं सांगतो. मी तीन गोष्टी मांडल्या. बंद केलेली सातही कामं सुरू करा. बाहेर द्यायची रक्कम येत्या पाच वर्षांत दुपटीवर न्या. आणि काम हाती घेतलं की पुरं होईपर्यंतचा पैसा पहिल्याच दिवशी बांधून ठेवा, म्हणजे दर मार्चला आमच्यासारख्यांना हात घालता येणार नाही. फलकांना मनाई करा, हेही जोडलं. त्यावर सगळ्यात जास्त कुरकुर झाली.

एक जण म्हणाला, “प्योसाहेब, लाओसचं ऊन लागलेलं दिसतंय.” सगळे हसले. दुसऱ्याने माझंच फेब्रुवारीतलं भाषण वाचून दाखवलं. त्यात पुठ्ठे वेचणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा परिच्छेद होता. विचारलं, “मग हिचं काय?”

मी म्हटलं, “तिचं नाव बे सुन-नाम. तिच्यासाठी वेगळी तरतूद मागणारा कागद मी आज आणला आहे. तुमच्यापैकी किती जण सही करता?” कुणी पेन काढलं नाही. लाओसला द्यायचं नसलं की तिची आठवण येते आणि तिला द्यायचं म्हटलं की तीही नको. हे तुम्ही मार्चमध्येच लिहिलं होतं, मला ऑक्टोबर लागला.

मग अध्यक्ष माएंग घसा साफ करून म्हणाले, “तुमचा मुलगा त्याच कामावर आहे ना? मग तुम्ही यावर बोलणं बरं दिसत नाही. हा हितसंबंधाचा प्रश्न होतो.”

मी म्हटलं, “आहे. फेब्रुवारीतही तो तिथेच होता. त्याला घरी आणायला मी ती लाइन बंद करवली. तेव्हा तुम्ही काही विचारलं नाही, उलट काटकसरीबद्दल माझं अभिनंदन केलंत. कापताना बाप चालतो, वाढवताना चालत नाही, असा नियम असेल तर तो लिहून ठेवा.”

लिहून घेणाऱ्या मुलीने मला विचारलं, हे नोंदवू का? मी म्हटलं, शब्द न शब्द.

राजीनामा मी खिशात घेऊनच गेलो होतो, तो दिला. मी बाहेर पडल्यावर मतदान झालं. सात कामं पुन्हा सुरू होताहेत, पुरी होईपर्यंतच्या पैशासकट. दुपटीचं त्यांनी ‘अभ्यासासाठी’ ठेवलं. तीस वर्षं मी तो शब्द वापरला आहे, त्याचा अर्थ मला ठाऊक आहे. एकूण रकमेत एवढीशी वाढ केली, ती मुंगीच्या नजरेतही भरणार नाही. अध्यक्षांनी पेपरवाल्यांना सांगितलं की ही देशाच्या दिलदारीची साक्ष आहे.

जुन-मोने फोन केला. म्हणाला, कळलं. मग म्हणाला, जेवलात का? बस, एवढंच.

प्यो गी-जुंग


बान नाखाम,
११ फेब्रुवारी

व्याहीबुवांस,

इथे येऊन महिना झाला. नव्या सुइणींना शिकवायला कुणी हवं होतं, आणि मला घरी बसून तुम्हाला पत्रं लिहिण्यापलीकडे काम नव्हतं. सत्तरीच्या बाईला पाठवायला परदेशी मदतीची कचेरी कुरकुरत होती. मी त्यांना माझा रक्तदाब दाखवला आणि त्यांचा मोजला.

पाणी आलं. समारंभ नाही, जुन-मोने दुपारी येऊन नळ सोडला. आधी तासभर तांबडा गाळ आला, मग स्वच्छ. दान-बी नळाखाली हात धरून उभी राहिली ती हलेचना, मागे एक बाई अडलेली होती तरी. शेवटी मी ओरडले. एक नळ गळतो आणि जुन-मो तो माझा दोष आहे असं वागतो. शेजारच्या तीन गावांतली माणसं येऊन आमची लाइन कधी म्हणून विचारून गेली. तुमच्या समितीचा अभ्यास कुठवर आला?

आता खरं सांगायचं ते. मी इथे यायच्या आधीच ठरवलं होतं की सोमचितला मी सांगणार. पाणी कुणी तोडलं ते त्याला माहीत असायला हवं, त्याशिवाय त्याच्याकडून आभार घेणं ही चोरी झाली. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही हो म्हटलं असतंत आणि मला तुमचा मोठेपणा नको होता. काल संध्याकाळी त्याच्या घरी गेले, दान-बीला सोबत घेऊन. मुलगी आता बसते. मी सरळ सांगितलं, “ऑगस्टमध्ये तुझ्याकडे जेवून गेला तो म्हातारा, जुन-मोचा बाप, त्याच्याच सांगण्यावरून काम थांबलं होतं.”

तो जाळं विणत होता. विणायचा थांबला नाही. म्हणाला, “ठाऊक आहे. जुन-मोने त्याचे वडील यायच्या आदल्या दिवशीच येऊन सांगितलं होतं. फार रडला.”

मी विचारलं, “मग तू त्याला जेवायला का बोलावलंस? आभार का मानलेस?”

त्याने जाळ्याची एक गाठ ओढून घेतली. म्हणाला, “आभार खरे होते. आणि म्हातारा माणूस एवढ्या लांबून आला होता. दोन दिवस मुलगा त्याच्याशी बोलत नव्हता. त्याला कुणीतरी जेवायला घालायला हवं होतं.”

ताक ओक-ह्वा